जपानमधलं नव्या दिग्दर्शकांचं अवॉर्ड: आधी देतंय कोण ते बघ

प्रश्न असा होता: "ताई, जपानमध्ये दरवर्षी होतकरू दिग्दर्शकांना अवॉर्ड देतात म्हणे, ते नक्की काय आहे? ते मिळाल्यावर पुढे काम मिळतं की नुसतीच ट्रॉफी? आणि त्यातले कुठले सिनेमे बघू? मी जळगावला असतो, दोन शॉर्टफिल्म केल्यात."

पहिली गोष्ट म्हणजे 'ते' अवॉर्ड असं एकच नाहीये रे. पेपरवाल्यांची, मासिकांची मिळून तिकडे ढिगाने आहेत, पण लक्षात ठेवण्यासारखी माझ्या मते तीन. एक डिरेक्टर्स गिल्डचं, म्हणजे दिग्दर्शकांनीच दिग्दर्शकाला दिलेलं. दुसरं प्रोड्युसर लोकांचं. आणि तिसरं पिआ फिल्म फेस्टिवलचं, ज्याचं मूळ एका 'आज शहरात काय बघाल' छापाच्या मासिकात आहे. लोक या तिघांची सरमिसळ करतात आणि मग 'जपानचं न्यू डिरेक्टर अवॉर्ड' असं काहीतरी मोघम पसरतं.

मी मूळची एडिटर. गेली अठरा-एकोणीस वर्षं फिल्म क्लब चालवणं आणि लहानमोठ्या शॉर्टफिल्म फेस्टिवलांचं सिलेक्शन करणं हे उद्योगही करते, त्यामुळे अवॉर्ड देणाऱ्यांच्या बाजूला भरपूर बसलेय. तिकडे बसून माझं एक मत पक्कं झालंय की रक्कम किती, ट्रॉफी केवढी हे नंतर, आधी बघायचं देणारा कोण आणि त्याला या पोराकडून काय हवंय. जपानच्या या तिघांत ते फार स्वच्छ दिसतं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गिल्डपासून सुरू करू. जपानच्या दिग्दर्शकांची संघटना १९३६ सालची, मिनोरु मुराता पहिला अध्यक्ष, आणि नव्या दिग्दर्शकाचं अवॉर्ड त्यांनी १९६० पासून सुरू केलं. पहिलंच गेलं नागिसा ओशिमाला, 'क्रूएल स्टोरी ऑफ यूथ' साठी. आता त्यावेळी गिल्डचा अध्यक्ष कोण, तर यासुजिरो ओझू! म्हणजे जमिनीलगत कॅमेरा लावून बाप-लेकीच्या चहाच्या गोष्टी सांगणारा ओझू ज्या संघटनेच्या खुर्चीवर, तिने पहिलं अवॉर्ड कोणाला दिलं, तर ज्याला ओझूचा तो सगळा शांत संसार उधळून लावायचा होता त्याला. आणि दोघंही एकाच फिल्म कंपनीचे, शोचिकू स्टुडिओचे.

ओशिमा क्योटो युनिव्हर्सिटीत कायदा शिकलेला. १९५४ मध्ये परीक्षा देऊन शोचिकूत असिस्टंट डिरेक्टर म्हणून लागला. तेव्हा तीच पद्धत होती, स्टुडिओत नोकरीला लागायचं, वर्षानुवर्षं क्लॅप मारायचा, सीनियर लोकांची स्क्रिप्टं फेअर करायची आणि मग कधीतरी नंबर लागायचा. टीव्ही आला, थिएटरं ओस पडायला लागली तशी कंपनी घाबरली आणि तरुण पोरांना पटापट चान्स द्यायला लागली, त्यात याला १९५९ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी पहिला सिनेमा मिळाला. १९६० च्या एका वर्षात त्याचे तीन सिनेमे आले. त्यातला तिसरा, 'नाइट अँड फॉग इन जपान', कंपनीने चार दिवसांत थिएटरांतून उतरवला. ऑक्टोबरमध्ये समाजवादी पक्षाचे नेते आसानुमा यांची भर सभेत स्टेजवर हत्या झाली आणि सिनेमा होता विद्यार्थी चळवळीवरचा. ओशिमा इतका भडकला की त्याच महिन्यात त्याचं लग्न होतं, त्या रिसेप्शनची भाषणं शोचिकूच्या निषेधाची सभा होऊन गेली. पुढच्या वर्षी त्याने कंपनी सोडली. म्हणजे मालकाने ज्याला खाली उतरवला त्याच वर्षीसाठी त्याच्याच धंद्यातल्या लोकांनी त्याला 'तू आमचा' म्हणून पाठ थोपटली. गिल्डच्या अवॉर्डचा अर्थ मला तेव्हापासून हाच वाटतो, बाकी काही नसलं तरी चालेल.

(पुढे १९८० ते १९९६ ओशिमाच गिल्डचा अध्यक्ष होता. सोळा वर्षं. बंडखोर लोक मीटिंगा घ्यायला किती पक्के असतात ते बघ.)

'क्रूएल स्टोरी ऑफ यूथ'मधला एक सीन मी क्लबमध्ये दरवर्षी दाखवते. पोरीचा गर्भपात झालाय, ती दवाखान्यात निजलीय, तिचा प्रियकर शेजारी अंधारात बसलाय. पलीकडच्या खोलीत तिची मोठी बहीण आणि त्या बहिणीचा जुना प्रियकर बोलतायत, हा डॉक्टर, आधीच्या पिढीचा, चळवळीत होता आणि आता थकलाय. ते बोलणं या पोराच्या कानावर पडतं. मग तो सफरचंद खातो. बस. कॅमेरा त्याच्या तोंडासमोर आणि तो कचाकच खातोय, कट नाही, म्युझिक नाही, कितीतरी वेळ. पहिल्यांदा दाखवला तेव्हा आमच्याकडे दोन पोरं हसली, मग तिसऱ्या-चौथ्या घासाला हसू बंद झालं, आणि नंतर खोलीत फक्त चावण्याचा आवाज. एडिटर म्हणून माझा हात शिवशिवतो तिथे, मी तर कधीच कापला असता. त्याने नाही कापला. धंद्यातल्या माणसाला त्यातली हिंमत कळते, बाहेरच्याला 'हे काय लांबवलंय' वाटतं. दिग्दर्शकांनी दिग्दर्शक निवडायचा फायदा हा.

गिल्डची नंतरची नावं बघितलीस तरी हाच कल दिसतो. १९६२ ला किरिओ उरायामा, कावागुची गावातल्या ओतकाम करणाऱ्या भट्टीवाल्यांच्या वस्तीतल्या पोरीची गोष्ट, सायुरी योशिनागा तेव्हा जेमतेम सतरा वर्षांची. १९८७ ला काझुओ हाराची डॉक्युमेंटरी, 'द एम्परर्स नेकेड आर्मी मार्चेस ऑन', ज्यात एक म्हातारा माजी सैनिक दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीत आपल्याच जवानांना कोणी मारलं हे शोधत जुन्या अधिकाऱ्यांच्या दारात जातो आणि प्रसंगी त्यांच्या अंगावर धावतो. 'नवा दिग्दर्शक' म्हणून डॉक्युमेंटरीवाल्याला देणं ही साधी गोष्ट नाही, आपल्याकडे अजून डॉक्युमेंटरी म्हणजे सिनेमा की दुसरं काही यावर घोळ घालतात लोक. १९८९ ला जुन्जी साकामोतो, बॉक्सिंगचा सिनेमा, आणि हिरो कोण तर हिदेकाझू आकाई, जो खराखुरा बॉक्सर होता आणि १९८५ मध्ये रिंगमध्ये डोक्याला मार बसून ज्याचं करिअर संपलं होतं, तो स्वतःचीच गोष्ट करतोय. हा सिनेमा लावला कुठे, तर प्रोड्युसर गेन्जिरो आरातोने टोकियोत हाराजुकूला चक्क तंबू ठोकला. जत्रेतल्या टुरिंग टॉकीजवर वाढलेल्यांना हे वाचून बरं वाटेल.

पण गिल्डने हात दिला तरी गिल्डकडे पैसे नसतात पुढच्या सिनेमाला. तुझ्या 'पुढे काम मिळतं का' चं उत्तर इथे नाही, ते दुसऱ्या अवॉर्डात आहे.

हे दुसरं म्हणजे कानेतो शिंदोच्या नावाचं. स्वतंत्र प्रोड्युसरांची संघटना ते देते, १९९६ पासून, गोल्ड आणि सिल्व्हर अशी दोन. हा शिंदो कोण हे माहीत असलं की अवॉर्ड कळतं. स्टुडिओ सोडून १९५० मध्ये याने स्वतःची कंपनी काढली आणि दहा वर्षांत ती दिवाळ्यात निघायची वेळ आली. मग १९६० मध्ये शेवटचा म्हणून मोजक्या माणसांचं युनिट घेऊन एका लहान बेटावर 'द नेकेड आयलंड' केला, जवळजवळ संवादच नाहीत, नवरा-बायको होडीने गोडं पाणी आणतात आणि खांद्यावरच्या कावडीने डोंगर चढून शेताला घालतात, इतकंच. १९६१ मध्ये मॉस्कोच्या फेस्टिवलला ग्रँड प्रिक्स, म्हणजे सर्वोच्च बक्षीस मिळालं, सिनेमा देशोदेशी विकला गेला आणि कंपनी वाचली. शेवटचा सिनेमा त्याने ९८ व्या वर्षी केला, आणि शंभरी पूर्ण करून २०१२ मध्ये गेला. अशा माणसाच्या नावाने प्रोड्युसर लोक निवडतात तेव्हा त्यांची फूटपट्टी साधी असते, या दिग्दर्शकाबरोबर मला काम करायला आवडेल का, याच्या हातात पुढचा सिनेमा द्यावा का. हा सिनेमा केवढा थोर हा प्रश्न जरा मागे जातो. खिशात हात घालणारे लोकच निवड करतायत म्हटल्यावर त्यांचं 'आवडलं' वजनदार असतं. माझ्या मते 'होतकरू' या शब्दाला खरा जागणारा हाच प्रकार, कारण होतकरू म्हणजे पुढचं बघून बोललेला शब्द आहे ना.

आता पिआ, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण तुझ्या कामाचं हेच आहे.

१९५८ मध्ये जपानमध्ये वर्षाला ११२ कोटींच्या वर तिकिटं खपली होती. १९७२ पर्यंत आकडा २० कोटींच्या खाली. दाईए कंपनीचं १९७१ मध्ये दिवाळं निघालं, निक्कात्सू स्टुडिओने त्याच वर्षी जगण्यासाठी सॉफ्ट पॉर्नची लाइन धरली. म्हणजे ओशिमा ज्या दाराने आत आला, परीक्षा, नोकरी, क्लॅप, ते दारच जवळपास बंद. आणि त्याच १९७२ मध्ये चुओ युनिव्हर्सिटीतल्या हिरोशी यानाई नावाच्या पोराने मित्रांना घेऊन 'पिआ' मासिक काढलं, टोकियोत कुठल्या थिएटरला काय लागलंय, नाटक कुठे, कॉन्सर्ट कुठे. त्या लोकांनी १९७७ मध्ये फेस्टिवल सुरू केला, ज्यात कुणीही आपला स्वतः बनवलेला सिनेमा पाठवावा.

कुणीही बनवणार कशावर? तर ८ एमएम, म्हणजे हौशी लोकांच्या लहान कॅमेऱ्यातली अरुंद फिल्म. फुजीची सिंगल-८ म्हणून पद्धत होती १९६५ पासूनची. एका बंद पडलेल्या फोटो स्टुडिओच्या कपाटातून मला तिची एक रिकामी कार्ट्रिज मिळालीय, तळहातावर मावते, गाण्याच्या कॅसेटचा धाकटा भाऊ दिसतो. आत पन्नास फूट फिल्म, १८ फ्रेमच्या स्पीडने ३ मिनिटं २० सेकंद, संपलं. पण कोडॅकच्या सुपर-८ मध्ये जे धड करता यायचं नाही ते हिच्यात व्हायचं, फिल्म एका चाकावरून दुसऱ्यावर जायची म्हणून कॅमेऱ्यातच रिवाइंड करून त्याच तुकड्यावर परत शूट करता यायचं. डबल एक्स्पोजर, डिझॉल्व्ह, भुतं, सगळं घरच्या घरी. ज्या देशातल्या कॉलेजच्या पोरांच्या हातात हे खेळणं होतं तिथे पुढे शिन्या त्सुकामोतोसारखा दिग्दर्शक निघाला यात मला नवल वाटत नाही. पिआच्या १९८८ च्या ग्रँड प्रिक्सला त्याचा सिनेमा होता, पाठीतून विजेचा खांब उगवलेल्या पोराचा. खरंच, खांब. टाइम मशीनने भविष्यात जातो आणि व्हँपायर लोकांशी लढतो. फ्रेम-फ्रेम करून माणसं रस्त्यावरून सरपटवलीत. पुढच्या वर्षी त्याने १६ एमएमवर 'तेत्सुओ' केला, रोमच्या फॅन्टास्टिक सिनेमाच्या फेस्टिवलला पहिला आला, आणि मग जगभर नाव.

पिआच्या यादीत अजून कोण कोण आहे बघ. सुरुवातीच्या वर्षांतला योशिमित्सु मोरिता, ज्याने १९८३ मध्ये 'द फॅमिली गेम' केला. १९८१ मध्ये कियोशी कुरोसावा (अकिराचा कोणी नाही, दर स्क्रीनिंगला हे सांगावं लागतं), ज्याला २०२० मध्ये व्हेनिसला सिल्व्हर लायन मिळालं. म्हणजे मधे ३९ वर्षं. २००० मध्ये ली सांग-इल, जपानमध्ये वाढलेला कोरियन वंशाचा पोरगा, फिल्म स्कूलचा डिप्लोमा सिनेमा घेऊन आला आणि ग्रँड प्रिक्स घेऊन गेला. त्याच लीच्या 'कोकुहो'ने २०२५ मध्ये जपानी लाइव्ह-अ‍ॅक्शन सिनेमांचा कमाईचा २२ वर्षांचा रेकॉर्ड मोडला, तेही तीन तासांचा, काबुकीतल्या ओन्नागाता म्हणजे स्त्रीभूमिका करणाऱ्या नटांवरचा सिनेमा. बालगंधर्वांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मराठी माणसाने तर तो चुकवूच नये.

पण हे सगळं यादी वाचण्यापुरतं. पिआची दोन कामं मला खरी वाटतात.

एक म्हणजे सिलेक्शन. दरवर्षी काही शे सिनेमे येतात. लांबीची अट नाही, वयाची नाही, आणि पहिल्या फेरीत प्रत्येक सिनेमा तीन जण पहिल्यापासून शेवटपर्यंत बघतात, मधे सोडत नाहीत. हे वाचायला सोपं आहे. मी स्वतः एका फेस्टिवलच्या सिलेक्शनला होते, नाव सांगत नाही, तिथे आम्हाला सांगितलं होतं की पहिली पाच-सात मिनिटं बघा, नाही जमलं तर पुढचं घ्या, वेळ नाही. आणि मी तसंच केलं, खोटं कशाला बोलू. एका पोराचा चोवीस मिनिटांचा सिनेमा मी आठव्या मिनिटाला बंद केला, आवाज खराब, कॅमेरा हलतोय, आजी विहिरीवर बसलीय आणि काहीच होत नाहीये. दोन वर्षांनी तोच सिनेमा दुसरीकडे पूर्ण बघायचा योग आला. सोळाव्या मिनिटाला आजी उठते आणि पुढची आठ मिनिटं मी खुर्चीत हललेले नाही. त्या पोराला मी कधी भेटले नाही, भेटले तरी काय सांगणार होते. तेव्हापासून 'तीन जण, शेवटपर्यंत' हा नियम मला कुठल्याही ट्रॉफीपेक्षा मोठा वाटतो.

दुसरं म्हणजे स्कॉलरशिप, १९८४ पासूनची. अवॉर्ड मिळालेल्यांनी पुढच्या सिनेमाचा प्रपोजल द्यायचा, त्यातला एक निवडून पिआवाले स्वतः प्रोड्यूस करतात, स्क्रिप्टपासून रिलीजपर्यंत. रियोसुके हाशिगुची, शिनोबू यागुची, नाओको ओगिगामी, युया इशिई, आणि वर सांगितलेला लीसुद्धा, हे सगळे या वाटेने आलेत. केन्जी उचिदाचा 'अ स्ट्रेंजर ऑफ माइन' असाच, २००५ ला फ्रान्समधल्या कान फेस्टिवलच्या क्रिटिक्स वीकपर्यंत गेला. एकाच रात्रीची गोष्ट, वेगवेगळ्या माणसांच्या बाजूने परत परत, आणि दर वेळी आधीचं बघितलेलं उलटं पडतं. एडिटिंग शिकणाऱ्या पोरांना मी तो वही-पेन घेऊन बघायला लावते.

कारण बघ, पहिला सिनेमा माणूस कसाही करतो. आईचे दागिने, मित्राचा कॅमेरा, मामाचा वाडा. दुसऱ्याला कोणी नसतं. मामा दुसऱ्यांदा वाडा देत नाही. आपल्याकडे राष्ट्रीय पुरस्कारांत पदार्पणाचं पारितोषिक आहे, आधी इंदिरा गांधींच्या नावाने होतं, नागराज मंजुळेंना 'फँड्री'साठी मिळालं होतं, आणि ते चांगलंच आहे, पण त्याला सेन्सॉर सर्टिफिकेट वगैरे लागतं, म्हणजे तू आधीच बऱ्यापैकी आत आलेला असावा लागतोस. आणि दुसऱ्या सिनेमाची व्यवस्था त्यात नाही.

तरी जपानमध्येही सगळं गोडगोड नाही हे सांगते, नाहीतर तू उद्या पासपोर्ट काढशील. योको यामानाका नावाची मुलगी, कॉलेज सोडलेली, विशीत पोचायच्या सुमारास अगदी किरकोळ पैशात 'अमिको' केला, २०१७ ला पिआत प्रेक्षकांचं अवॉर्ड, पुढच्या वर्षी बर्लिन. दुसरा मोठा सिनेमा आला २०२४ ला, 'डेझर्ट ऑफ नामिबिया', कानला डिरेक्टर्स फोर्टनाइटमध्ये, तिथे समीक्षकांचं अवॉर्डही मिळालं. मधली सात वर्षं कुठल्याही बातमीच्या हेडिंगमध्ये येत नाहीत. आणि त्सुकामोतोसारख्या माणसाला, जगभर नाव झाल्यावर, २०१४ चा युद्धावरचा सिनेमा स्वतःच्या पैशाने करावा लागला, कारण त्याला कोणी पैसे लावेना. तेव्हा अवॉर्डने आयुष्यभराची सोय होते हे डोक्यातून काढ. शिवाय आज जगभर नाव असलेला दिग्दर्शक कोरेएदा या पिआच्या वाटेने आलेलाच नाही, तो टीव्हीच्या डॉक्युमेंटरीतून आला.

बघायचं कुठून? माझ्या मते सरळ 'क्रूएल स्टोरी ऑफ यूथ', मग 'द नेकेड आयलंड', मग उचिदा, मग 'अमिको'. त्सुकामोतो रात्री जेवण झाल्यावर लगेच बघू नकोस. ओशिमा मोबाइलवर बघायचा असेल तर निदान हेडफोन लाव, तो सफरचंदाचा आवाज मोबाइलच्या स्पीकरवर नुसता खरखर वाटतो.

आणि तुझ्या दोन्ही शॉर्टफिल्मच्या लिंक पाठव. सध्या एका सिरीयलचं रोजचं एडिट चालू आहे त्यामुळे महिनाअखेरीपर्यंत तरी वेळ मिळणार नाही, पण बघीन, शेवटच्या टायटलपर्यंत, फॉरवर्ड न करता.